भोकाचा पैसा

कुलदीपने मेटल डिटेक्टरची कॉइल सहज म्हणून हवेत फिरवली आणि ती रोहिदासच्या शर्टाच्या खिशासमोर आली तशी मशीन एकदम किंचाळली. दुकानात कुठल्याशा कंपनीच्या गेटवर बसवायची कमान बघायला माणसं आली होती. त्यांनी माना वळवल्या. रोहिदासचा हात आपोआप खिशावर गेला. "पेन आहे," तो म्हणाला. कुलदीप हसला. तळवड्याच्या या गाळ्यात सिक्युरिटीचा माल विकून विकून त्याचा कान तयार झाला होता. "पेन असं बोलत नाही साहेब, पेन खरखरतं. हा आवाज ऐका, कसा स्वच्छ आहे. तांबं नाहीतर ब्राँझ. टेस्टिंगला नाणं आणलंय ना तुम्ही? काढा की मग." रोहिदासने काढलं नाही. आपलं तोंड चोरासारखं झालंय हे त्याला न बघता कळलं, म्हणून त्याने समोरच्या हेडफोनची वायर उगाच ताणून पाहिली. कुलदीपने जास्त ताणलं नाही. गिऱ्हाईक लाजरं असतं, या छंदातलं तर फारच. बायकोला चोरून येतात बिचारे. त्याने काउंटरवर कॉइली मांडल्या. एक परातीएवढी, एक ताटलीएवढी, आणि एक तळहाताहून जरा मोठी. "ताटलीवाली तुमच्याकडे आहेच, मशीनबरोबर येते ती. ही मोठी खोल जाते, पण बारीकसारीक वस्तू तिला दिसत नाहीत. ही लहान खोल जात नाही, पण खिळ्यामोळ्यांच्या गर्दीतून एकटं नाणं वेगळं काढून देते. तिन्ही चांगल्याच आहेत. आधी मला एक सांगा, तुम्हाला नक्की काय शोधायचंय? त्यावर कॉइल ठरते."

नक्की काय शोधायचंय. साधा धंद्याचा प्रश्न, पण रोहिदासच्या कानशिलापर्यंत ऊन चढल्यासारखं झालं. कारण जे शोधायला आईने त्याला सांगितलं होतं ते त्याच्या खिशात होतं. मशीनने सगळ्यांसमोर ते सांगूनही टाकलं होतं. आणि तरी तो इथे उभा राहून कॉइल निवडत होता. गेले काही दिवस तो भोकाचा पैसा त्याला घरी ठेवता येत नव्हता. कपाटात ठेवला तर त्याची बायको जयमाला कपाट आवरेल, गाडीच्या डिकीत ठेवला तर गाडी सर्व्हिसिंगला जाईल. मग तो खिशातच राहिला. कंपनीत जाताना, जेवताना, रहाटणीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसताना. अधूनमधून खिशावरून बोट फिरवलं की मधलं भोक लागायचं.

या छंदाला सुरुवात झाली ती जमिनीचा सौदा ठरल्यावर. चाकणच्या अलीकडे, कुरुळीच्या शिवारात त्यांचा एक तुकडा उरला होता. भावबंदांनी आपापलं विकून कधीच गाड्या घेतल्या होत्या. रोहिदास मात्र थांबला होता. जमिनीवर फार प्रेम होतं म्हणून नव्हे, कंपनीत मेंटेनन्सची नोकरी चालली होती आणि निर्णय घ्यायचा त्याला कंटाळा होता. आता गोडाऊनवाले आले, तीन बाजूंनी त्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, मधे हा तुकडा दातात अडकल्यासारखा उरला, तेव्हा तो हो म्हणाला. आणि हो म्हणाल्यावर त्याला एकदम हाव सुटली. जमीन जायच्या आत तिच्यात जे आपलं आहे ते काढून घ्यावं. इंटरनेटवर माणसं शेतांतून नाणी काढताना त्याने बघितली होती. मशीन मागवली. रविवारी सकाळी तो शिवारात जायचा, कानाला हेडफोन, हातात कॉइल, जमिनीलगत सावकाश डावी-उजवीकडे. इथली जमीन मशीनला छळते. मुरमातच लोखंड, त्यात आजूबाजूच्या वर्कशॉपचं भंगार, लेथचा किस, नटबोल्ट, बाटल्यांची बुचं. त्याखाली बैलांच्या खुरांच्या पत्र्या. लोखंडाची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याने मशीनवर लोखंड बंद करून टाकलं. आणि एका सकाळी त्या शांततेत एकदम एक गोड आवाज आला.

ती सकाळ त्याला आताशा आठवायलाही नको वाटते. तेव्हा मात्र तो गुडघ्यांवर बसून हसला होता. ओंजळभर माती उकरली आणि आत काळपट हिरवी चकती, मधे भोक. भोकाचा पैसा! लहानपणी म्हाताऱ्या बायांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बघितलेला. त्याच सकाळी पुढे आणखी दोन-तीन किरकोळ नाणी निघाली, एक इथे, एक तिथे. प्रत्येक खड्डा त्याने नीट बुजवला. हे या छंदाचं सभ्यपण असतं. माती परत भरायची, ढेकूळ होतं तसं बसवायचं, वर गवताची काडी टाकायची, कुणी म्हणू नये की इथे कुणी येऊन गेलं. रोहिदासचा हात मुळातच कामाला चांगला. खड्डे इतके बेमालूम बुजले की उठून उभं राहिल्यावर त्याचे त्यालाच दिसेनात. याचा त्याला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

घरी आल्यावर त्याने पैसा चिंचेने घासला. देवाची भांडी उजळतात तसा तो उजळेल, एवढाच त्याचा विचार. आई तेव्हा मावळात तिच्या भावाकडे गेली होती. जाण्याआधी तिने नवी चिंच फोडून, मीठ लावून बरणी भरून ठेवलेली. त्यातले गोळेच्या गोळे काढून तो बेसिनपाशी उभा राहिला आणि बोटं आंबेपर्यंत घासत राहिला. हिरवा रंग गेला, काळा गेला, आतून तांबूस पैसा निघाला. त्याने फोटो काढून नाणेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दापोडीचा धम्मरत्न म्हणून एक आहे, बँकेत नोकरीला, नाण्यांतलं त्याला पुष्कळ कळतं. त्याचा लगेच फोन आला. "भाऊ, घासलंत? अहो, घासायचं नसतं कधी. वर जी काळी साय धरते ना, तेच त्याचं वय. ते तुम्ही धुऊन टाकलंत. आणि कडेला बघा एका बाजूला, सपाट झालीय. कुणीतरी दगडावर मुद्दाम घासलीय ती." कशाला घासली असेल, असं रोहिदासने विचारलं. "काय माहीत राव. रिकामा उद्योग कुणाचा तरी," धम्मरत्न म्हणाला, आणि दोघेही हसले. आई परत आली तेव्हा बरणी अर्धी झालेली बघून तिने जयमालाला विचारलं. जयमाला म्हणाली, "तुमच्या लेकाला विचारा. नाणी घासत बसले होते." आईने बरणीचं झाकण लावलं. चिंच गेली तर गेली, अशी ती बाई.

मग त्या संध्याकाळी तिने सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्या डोळ्यांत औषध घालायचं काम रोहिदासकडे होतं. ती मान मागे टाकून, डोळे मिटून कॉटवर पडली होती. औषध घातलं की जरा वेळ डोळे उघडायचे नसतात. त्या मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "रोहिदास, तुज्या त्या मशीनीला भोकाचा पैसा घावतो का रं?" त्याने बाटलीचं बूच लावलं. "का गं?" "घावतो का ते सांग." "घावतो की." पापण्यांखालून औषधाचं पाणी कानाकडे ओघळलं, ते त्याने कापसाने टिपलं. "तुज्या आदी एक व्हती मला," ती म्हणाली. "पोरगी. बारसं बी न्हाई झालं तिचं. नाव न्हाई, काय न्हाई. आत्याबाईंनी, तुज्या आजीनं, कमरंला काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा बांदला व्हता, दिष्ट लागू नये म्हून. त्याची कड तिला टोचायची. मंग म्या पाट्यावर घासली, गुळगुळीत हुस्तवर. गेली तवा तशीच ठिवली तिला, बोरीखाली, बांदाला. आता बोर बी न्हाई आन बांद बी न्हाई. सगळं सपाट केलंया. दोरा तर कवाच मातीत गेला आसंल. त्यो पैसा तेवढा आसंल." रोहिदास ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की आता हिने डोळे उघडू नयेत. "मला ती जागा दाव बाबा. मूठभर माती आनायची, तुळशीत घालायची. मंग ती जमीन ज्येला द्यायची त्येला दे, माजं काय म्हननं न्हाई."

तेव्हाच सांगायला हवं होतं. आई, तो पैसा मी काढलाय. कुठून काढला ते आठवत नाही. बस, एवढंच. पण तोंडातून आलं, "बघू." कंपनीत कुणी रजा मागितली की तो हेच म्हणतो. बघू. आईने डोळे उघडले, ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय, बग." आणि ती इतकी निवांत झोपी गेली की रोहिदासला तिचा राग आला. आपला आला असता तर बरं झालं असतं, पण माणूस स्वतःवर फार वेळ रागावू शकत नाही. घरात तो थोरला. धाकट्याला शाळेत सोडायचं थोरल्याने, बापाला पाणी द्यायचं थोरल्याने, लग्नात पुढे उभं राहायचं थोरल्याने. त्याचा त्याला कंटाळाही यायचा आणि तोराही होता. आणि आता कळत होतं की आपण थोरले नव्हतोच कधी. आपल्या आधी कुणीतरी होती, आपण तिच्या जागेवर बसून मान घेत होतो, आणि तिच्यापाशी जी एकुलती एक वस्तू होती ती आपण तिच्या अंगावरून काढून आणली. वर ग्रुपवर टाकली. लोकांनी लाइकचे अंगठे टाकले.

त्याने शोधायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कामावर जायच्या आधी शिवारात जाऊन तो आपलेच खड्डे शोधत फिरला. इथे की तिथे? त्या दिवशी ऊन पाठीवर होतं की तोंडावर? बोरीचं खोड कुठे होतं हे आठवायचा त्याने जिवापाड प्रयत्न केला, पण बोर म्हटलं की त्याला फक्त बोरं आठवायची, आंबटगोड, आणि आई ओरडायची ती, "त्या बोरीखाली खेळू नगंस." काटे आहेत म्हणून ओरडते असं तो आयुष्यभर समजत आला होता. मशीन गप्प होती. ती काय बोलणार? मग त्याने मनाची अशी समजूत घातली की आपल्याकडची कॉइल बरोबर नाही. चांगली कॉइल घेतली तर सापडेल. काय सापडेल, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं. ते विचारलं कुलदीपने.

"नाणी," रोहिदास शेवटी म्हणाला. "जुनी नाणी. भंगार फार आहे तिकडे." "मग प्रश्नच मिटला, लहान घ्या," कुलदीप खुशीत म्हणाला. रोहिदासने लहान कॉइल हातात घेतली, उलटीपालटी केली. मग त्याने विचारलंच. "समजा, नाणं आधीच कुणी काढून नेलेलं असेल. तर ती जागा कळते का? म्हणजे, इथे नाणं होतं, असं?" कुलदीपला वाटलं गिऱ्हाईक चेष्टा करतंय. "असं कसं कळेल साहेब? वस्तू असेल तर आवाज. वस्तू नसेल तर मशीनला माती म्हणजे नुसती माती." त्याने खोक्यात कॉइल भरली आणि वरून टेप लावली. रोहिदासने ती घेतली. न घेता बाहेर पडलं असतं तर आपल्याला दुकानात का यावंसं वाटलं हे स्वतःला सांगावं लागलं असतं.

रविवारी आई त्याच्या आधी तयार झाली. धुतलेलं लुगडं नेसली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पितळेची डबी. गाडीत मोशी ओलांडल्यावर तिने डबीचं झाकण उघडून परत लावलं. शिवारात गोडाऊनच्या पत्र्याच्या सावलीला त्याने तिला एका सिमेंटच्या पाइपवर बसवलं आणि नवी कॉइल जोडून, हेडफोन न लावता चालायला लागला. ती बघत होती. तिची नजर त्याला पाठीवर ओल्या कपड्यासारखी लागत होती. सावकाश, डावीकडे, उजवीकडे. लोखंड त्याने आज बंद केलं नव्हतं, मशीन सारखी घरघरत होती आणि त्याला ते बरं वाटत होतं, निदान काहीतरी शोधतोय असं वाटत होतं. ऊन चढलं. पलीकडे कंटेनर मागे घेताना त्याचा भोंगा वाजत राहिला. "घावला का रं?" आईने विचारलं. "न्हाई अजून." जरा वेळाने पुन्हा, "घावला?" त्या विचारण्यात कुठेही घाई नव्हती, संशय नव्हता, पोराने परीक्षेला जाऊन यावं आणि आईने विचारावं तसं ती विचारत होती. त्याला रडू फुटेल असं वाटलं. आत्ता सांगावं. तिच्यापुढे जाऊन उभं राहावं आणि पैसा तिच्या हातावर ठेवावा. मग ती विचारेल, कुठनं काढलास? आणि तो म्हणेल, ठाऊक नाही. तिची मूठभर मातीही गेली. उद्या इथे काँक्रीट पडेल आणि आई डबी रिकामीच घेऊन घरी येईल. हे तिला सोसायचं नाही, असं त्याने ठरवलं. खरं तर हे त्याला सोसायचं नव्हतं.

त्याने तिच्याकडे पाठ केली आणि जागा निवडू लागला. इथे मुरूम फार दिसतोय, नको. इथे पाणी साचत असणार. इथे जरा उंचवटा आहे, इथे बांध असू शकेल, शोभेल. आपण बहिणीची जागा कॉइल निवडावी तशी निवडतोय हे त्याला मध्येच कळलं, आणि हात तरीही थांबले नाहीत. तो खाली बसला, बुटाची नाडी बांधल्याचं केलं, खुरप्याने माती मोकळी केली, खिशातून पैसा काढला. खिशात राहून तो आणखी उजळला होता. त्याने त्यावर थुंकी लावली, माती चोळली. चैत्रातली कोरडी माती. लागली, आणि वाळून लगेच सुटली. पुन्हा लावली. पुन्हा सुटली. मग त्याने तो तसाच आत ढकलला, वर माती लोटली, ढेकूळ बसवलं आणि उभं राहून वरून कॉइल फिरवली. मशीन गोड बोलली. इतक्या दुरूनही आईला ते ऐकू गेलं. ती पाइपवरून उठली होती.

ती येईपर्यंतचा वेळ त्याला फार लांब वाटला. ती आली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली, चष्मा काढला. त्याने खुरपं पुढे केलं तर म्हणाली, "नगं. हातानं." तिने ढेकूळ उचललं, माती बाजूला सारली, आणि उन्हात पैसा चमकला. देवघरातली निरांजनं दिवाळीत चमकतात तसा. रोहिदासने मान दुसरीकडे वळवली. आईने पैसा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, जिथे तो सपाट होता तिथे अंगठा थांबला आणि तिचे ओठ हलले. "त्योच," ती म्हणाली. "माज्या हातचा हाय." मग तिने तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिली. "येवडी वर्सं मातीत," ती पैशालाच म्हणाली, "आन बग कसा उजाळला हाय." मग नाकाजवळ नेला. रोहिदासने खुरपं खाली ठेवलं. "आई," तो म्हणाला. "आई, मी..." "डबी दे हिकडं," ती म्हणाली.

तिने मूठभर माती डबीत भरली, वर दाबली, झाकण लावलं. पैसा मात्र डबीत घातला नाही. तो तिने परत खळग्यात ठेवला, दोन्ही हातांनी माती वर ओढली आणि त्यावर तळहाताने थोपटत राहिली, पोर झोपेपर्यंत थोपटतात तशी, सावकाश. मशीन त्याच्या हातात चालूच होती आणि तिच्या बांगड्या जवळ आल्या की चिवचिवत होती. त्याने ती बंद केली. मग आईने त्याचा आधार घ्यायला हात वर केला, त्याने तिला उठवलं. तिने लुगड्याची माती झटकली, चष्मा लावला, आणि गाडीच्या दिशेने चालता चालता, मागे न बघता म्हणाली,

"आता परत काडू नगंस तिचा."